साखरखेर्ड्याचें रणक्षेत्र आणि गांडूळ

इतिहासाचीं साधनें कोणतीं असा प्रश्न केला असतां आमच्या इकडील विद्वान् बहुधा दप्तरें, बखरी, शकावल्या, ताम्रपट आणि नाणीं यांचीं नांवें घेऊन थांबतात. कै. राजवाडे यांच्या पिढीनें कागदांसाठीं जी पायपीट केली तिचें मोल आम्ही जाणतों. तिच्यामुळेंच आज आम्हांस मराठ्यांच्या इतिहासाविषयीं चार शब्द जबाबदारीनें बोलतां येतात. परंतु कागद जेथें संपतात तेथें जमीन सुरू होते, आणि त्या जमिनीचा कारभार कोणाच्या हातीं असतो याचा विचार आमच्या इतिहासमंडळांतून फारसा होत नाहीं. हा कारभार पुष्कळ अंशीं एका आंधळ्या, बहिऱ्या व बिनहाडाच्या प्राण्याकडे आहे. तो प्राणी गांडूळ होय. वाचकांनीं हसूं नये. एका प्रसिद्ध रणक्षेत्राच्या संबंधानेंच हा विषय आम्ही त्यांच्यापुढें मांडीत आहों.

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा तालुक्यांत साखरखेर्डा हें गांव आहे. जिजाऊसाहेबांचें माहेर याच तालुक्यांतलें, आणि लोणारचें तें विलक्षण सरोवरही येथून फार दूर नाहीं. या गांवाच्या परिसरांत ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. निजाम दिल्लीची वजिरी टाकून दक्षिणेंत उतरला होता. इकडे महंमदशहा बादशहाच्या दरबारांतून दक्षिणेची सुभेदारी हैदराबादच्या मुबारिजखानास देण्याचा घाट घातला गेला होता. निजामानें मराठ्यांचें साहाय्य अगोदरच जोडून ठेवलें होतें. लढाईंत मुबारिजखान पडला, त्याचें शिर निजामानें दिल्लीस पाठविलें, आणि ज्या बादशहाच्या दरबारानें निजामाचें मूळ उखडण्याचा बेत केला होता त्याच बादशहानें पुढल्या वर्षीं त्यास आसफजाह हा किताब दिला! १९४८ सालीं विलीन झालेल्या हैदराबाद संस्थानाचा सुमारें सव्वादोनशें वर्षांचा इतिहास ह्या एका दिवसाच्या पायावर उभा आहे. विजयाची खूण म्हणून निजामानें गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेवलें. इंग्रजी आमदानींतील गॅझेटियरांतून तें नांव आढळतें. लोकांच्या तोंडीं मात्र साखरखेर्डाच राहिलें.

आतां जो जिज्ञासु ही एवढी कथा वाचून त्या भागांत जाईल त्याच्या दृष्टीस काय पडेल? काळीभोर रानें, पऱ्हाटी, तूर, अलीकडे सोयाबीन, धुऱ्यांवरच्या बाभळी. ज्या ठिकाणीं दोन फौजा भिडल्या तेथें कांहीं तरी उरलें असावें अशी मनुष्याची स्वाभाविक अपेक्षा असते. माणसें व जनावरें मातींत गेलीं हें समजण्यासारखें आहे. परंतु बंदुकीच्या गोळ्या, बाणांचीं टोकें, नाल, रिकिबी, बख्तरांच्या कड्या ह्या वस्तू गेल्या कोठें? कांहीं लोकांनीं वेंचून नेल्या, कांहीं लोहारांच्या भात्यापुढें गेल्या, हें उत्तर खरें असलें तरी पुरें नव्हे.

या प्रश्नाशीं नेमकें जुळणारें एक उदाहरण चार्ल्स डार्विनच्या ग्रंथांत आहे. डार्विन इंग्लंडांतील श्रूझबरी गांवचा, जन्म १८०९ चा. त्या गांवाजवळ १४०३ सालीं राजा चौथा हेन्री व बंडखोर पर्सी घराणें यांचें युद्ध झालें होतें. डार्विन लहान असतां सेव्हर्न नदीच्या उत्तरेस एक शेत नांगरलें गेलें आणि तासांच्या तळाशीं लोखंडी बाणाग्रांचा खच निघाला. तेथील एका स्थानिक इतिहासज्ञानें तीं १४०३ च्या युद्धांतलीं ठरविलीं. ज्या दिवशीं तीं पडलीं त्या दिवशीं तीं अर्थात् जमिनीच्या पाठीवरच पडलीं असणार. मग तीं खालीं कशीं गेलीं? जड वस्तु आपल्या भारानें मातींत बुडते असें सामान्य जन म्हणतात. डार्विननें सांगितलें कीं वस्तु बुडत नाहीं, तिच्याखालची माती उपसून कोणी तरी ती वर आणून टाकतो.

ही कल्पना मूळची त्याच्या मामाची. मेअर येथील जोसाया वेजवुड यांनीं आपल्या कुरणांत कांहीं वर्षांपूर्वीं पसरलेला चुना व निखाऱ्यांची राख आतां गवताखालीं कांहीं इंचांवर थर होऊन बसली आहे हें भाच्यास दाखविलें, आणि हें गांडुळांचें काम असावें असें सुचविलें. डार्विननें १ नोव्हेंबर १८३७ रोजीं लंडनच्या भूस्तरशास्त्र-सभेपुढें यावर निबंध वाचला. त्या वेळीं तो अठ्ठाविसांचा होता. त्याच्या पूर्वीं सेलबोर्नचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट यानें १७७७ च्या एका पत्रांत गांडुळांची बाजू मोठ्या समंजसपणानें मांडली होती. परंतु मोजमाप करून पाहण्याचें श्रेय डार्विनचेंच. मोजमापही कसें? डिसेंबर १८४२ मध्यें त्यानें आपल्या घराजवळच्या शेतावर खडूचे तुकडे पसरविले आणि नोव्हेंबर १८७१ मध्यें, म्हणजे एकोणतीस वर्षांनीं, तेथें चर खणून पाहिला. खडूचा थर सात इंच खालीं गेला होता! एका प्रयोगासाठीं एकोणतीस वर्षें वाट पाहणाऱ्या मनुष्याबद्दल आम्हांस जो आदर वाटतो तो त्याच्या मर्कटवंशाच्या वादामुळें वाटणाऱ्या कुतूहलाहून कितीतरी अधिक आहे.

त्याच्यावर टीकाही झाली. १८६९ सालीं फिश नांवाच्या एका गृहस्थानें एका बागाइती पत्रांत लिहिलें कीं इतक्या दुबळ्या व लहान प्राण्याकडून इतकें मोठें काम होणें असंभव आहे. डार्विनचें उत्तर इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याचा आशय असा कीं सतत पुन्हां पुन्हां घडणाऱ्या सूक्ष्म कारणांची बेरीज मनुष्यास करतां येत नाहीं, आणि ही असमर्थताच शास्त्राच्या प्रगतीच्या आड पूर्वींही आली होती. आम्ही इतिहासाचे लोक राज्यें बुडण्याचें कारण एका सकाळच्या लढाईंत शोधतों. शेताच्या खालीं काय चाललें आहे तें आमच्या जमेंत येत नाहीं.

शेवटीं ऑक्टोबर १८८१ मध्यें, मृत्यूच्या अवघे सहा महिने आधीं, त्यानें गांडुळांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो हातोहात खपला. त्यांतील प्रयोग वाचतांना मन रमतें. गांडुळांस ऐकूं येतें कीं काय हें पाहण्यासाठीं त्यांच्या कुंड्यांपुढें मुलाकडून बसून नांवाचें फुंकवाद्य वाजविलें, मोठमोठ्यानें ओरडून पाहिलें, गांडुळें ढिम्म. परंतु त्याच कुंड्या पियानोवर ठेवून स्वर काढतांच तीं झपकन् बिळांत शिरलीं. म्हणजे हवेंतला नाद त्यांस कळत नाहीं, कंप मात्र कळतो. पान बिळांत ओढतांना तीं बहुधा निमुळत्या बाजूनें ओढतात हेंही त्यानें कागदाचे त्रिकोण कापून सिद्ध केलें. एका एकरावर वर्षास साडेसात ते अठरा टन कोरडी माती हीं गांडुळें वर आणून टाकतात असें त्यानें काढलेलें मान आहे. बागेच्या जमिनींत एकरीं ५३,७६७ गांडुळें असतात हा आंकडा त्यानें हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाचा घेतला. जुन्या अवशेषांसंबंधीं त्यानें एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलें आहे. ॲबिंजर येथील रोमन घराची फरशी १८७७ सालीं उघडी असतांना तिच्या चिऱ्यांच्या सांध्यांतून गांडुळें रोज माती वर काढीत होतीं, हें त्यानें व त्याच्या मित्रानें नोंदून ठेवलें. स्टोनहेंजचे पडलेले प्रचंड पाषाण जमिनींत कांहींसे रुतलेले दिसतात तेंही ह्यांचेंच काम, असा त्याचा निष्कर्ष. पुढें १९५७ सालीं ॲटकिन्सन या पुराणवस्तुशास्त्रज्ञानें हाच धागा उचलून आपल्या व्यवसायबंधूंस सावध केलें कीं उत्खननांतील लहान वस्तूंची खोली पाहून कालनिर्णय करतांना गांडुळाची गाठ विसरूं नये.

आपल्या देशाचा या ग्रंथाशीं संबंध आहे. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांतील जॉन स्कॉट यांनीं तेथील गांडुळांच्या मातीचे मनोऱ्यासारखे ढीग मोजून पाठविले, डॉ. किंग यांनीं निलगिरीवरून जे पाठविले त्यांतील एक पाव पौंडाहून जड भरला. तथापि या प्राण्याशीं आमची ओळख इंग्रजांनीं करून दिली असें मात्र कोणी समजूं नये. अमरकोशांत त्यास गण्डूपद व किञ्चुलक हीं नांवें आहेत. हिंदींतील केंचुआ दुसऱ्या नांवाचाच वंशज. वैद्यकाच्या जुन्या संहितांत पोटांतील जंतांचें वर्णन करतांना गण्डूपदाची उपमा येते. रसशास्त्रवाले त्यास भूनाग म्हणतात आणि त्याचें सत्त्व काढण्याची कृति सांगतात. मराठींत पाहावें तर गांडूळ, दानवें, शिदोड, काडू, वाळा, प्रत्येक मुलखाचा शब्द निराळा. ज्या प्राण्यास एवढीं नांवें त्याच्याकडे लोकांचें लक्ष नव्हतें असें कसें म्हणावें? लक्ष होतें; हिशेब नव्हता.

हिशेबाचें काम आमच्याकडे विसाव्या शतकांत झालें. लाहोरच्या सरकारी कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकविणारे स्टीफन्सन यांनीं १९२३ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिकोशांतील गांडुळांचा खंड लिहिला. लखनौ विद्यापीठाचे कर्मनारायण बहल यांनीं १९२६ सालीं ‘फेरेटिमा’ या गांडुळावर जें पुस्तक लिहिलें त्यावर आमच्या कॉलेजांतील कित्येक पिढ्या पोसल्या. आमच्या वयाच्या कोणत्याही शास्त्रशाखेच्या पदवीधरास मेणाच्या थाळींत टांचण्यांनीं ताणून बसविलेलें तें गांडूळ आठवत असेल. परंतु बहलांची खरी कामगिरी १९१९ ची. युरोपांतील गांडुळांचा मूत्रसदृश मळ कातडीवरील छिद्रांतून बाहेर पडतो, आणि त्याबरोबर पाणीही जातें. बहलांनीं दाखविलें कीं फेरेटिमाच्या बहुसंख्य उत्सर्गनलिका आंतड्यांतच उघडतात, म्हणजे तें पाणी वायां न जातां शरीरांत पुन्हां शोषलें जाण्याची सोय होते. पुढें १९२४ सालीं त्यांना हीच रचना ‘लॅम्पिटो’ या दुसऱ्या गांडुळांतही सांपडली. ज्या देशांत आठ महिने पाऊस नाहीं तेथें थेंब थेंब राखणारी ही युक्ति ध्यानांत घेण्यासारखी आहे.

हें लॅम्पिटो मॉरिशाय आपल्या शेतांतलें अगदीं नेहमींचें गांडूळ. वीतभर लांब, करड्या-तपकिरी रंगाचें. मूळचें तें हिंदी द्वीपकल्पांतलें मानतात, परंतु त्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन स्वीडनच्या किनबर्गनें १८६६-६७ च्या सुमारास केलें तें मॉरिशसमधील नमुन्यावरून, म्हणून नांव मॉरिशसचें. कुंड्यांतील मातीबरोबर जहाजांतून तें तिकडे गेलें असावें. ज्या बेटावर आमच्या कोंकणची मराठी माणसें मजूर म्हणून गेलीं तेथेंच आमच्या शेतांतलें गांडूळही पोंचावें, ही मौज आम्हांस येथें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

त्याचा वर्षक्रम शेतकऱ्याच्या वर्षक्रमासारखाच आहे. मृगाचा पाऊस जिरला कीं तें खालून वर येतें. सडका पालापाचोळा व माती गिळतें. त्याच्या पोटांत दांत नसले तरी पेषणी असते, तींत मातीचे कण रगडले जातात. रात्रीं बिळाच्या तोंडाशीं तें ही माती वळ्यांच्या रूपानें टाकतें. ह्या वळ्यांत पिकास लागणारीं द्रव्यें आसपासच्या मातीपेक्षां सुलभ रूपांत असतात. त्यास फुप्फुसें नाहींत. ओल्या कातडीनेंच श्वास चालतो, म्हणून कातडी सुकली कीं मरण आणि बिळांत पाणी तुंबून प्राणवायु संपला कीं बाहेर पडणें भाग. प्रत्येक गांडूळ एकाच वेळीं नर व मादी असतें, तथापि दोन गांडुळें एकत्र येऊन परस्परांस बीज देतात, आणि अंडीं लहानशा कोशांत घालून मातींत सोडून देतात. पावसाळा सरला, थंडी गेली, कीं तें खोल उतरतें, एक लहानशी पोकळी करून तींत अंगाची गांठ वळून पडतें. उन्हाळाभर ती गांठ सुटत नाहीं.

येथवर डार्विनचें बोट धरून आलों. आतां तें सोडलें पाहिजे. एकोणतीस वर्षांत सात इंच या मानानें त्रैराशिक मांडून तीनशें वर्षांत साखरखेर्ड्याच्या वस्तू साडेपांच-सहा फूट खालीं गेल्या असें कोणी म्हणेल तर तें हास्यास्पद होईल. एक तर गांडुळाचें काम वरच्या थरांत अधिक व खालीं कमी, म्हणून वस्तूंचें उतरणें खोलीबरोबर मंदावतें. दुसरें, विलायती कुरण नांगरलें जात नाहीं व तेथें वर्षभर ओल असते. आमचें गांडूळ चार-पांच महिन्यांचाच चाकर. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती म्हणजे काळी माती स्वतः.

दख्खनच्या अग्निजन्य खडकाची झीज होऊन झालेली ही माती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसते. चैत्र-वैशाखांत तिला हात हात खोल भेगा पडतात. पाठीवरचें ढेंकूळ, खडा, गोळी, जें कांहीं भेगेच्या कांठीं असेल तें आंत पडतें. मृगांत माती फुगली कीं भेग मिटते, आणि आंत पडलेल्या मातीला जागा करून देण्यासाठीं खालची माती रेटली जाऊन वर सरकते. म्हणून काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असें म्हणतात, आणि म्हणूनच अशा रानांत दर वर्षीं दगड वेंचूनही पुढल्या वर्षीं दगड दिसतात. १९७८ सालीं वुड व जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनीं जुन्या स्थळांचे थर बिघडविणाऱ्या कारणांची जी विस्तृत चिकित्सा केली तींत प्राण्यांच्या खोदकामाबरोबर ह्या फुगत्या मातीसही स्थान दिलें आहे. तात्पर्य, इंग्लंडांत गांडूळ वस्तूस सरळ खालीं नेऊन पुरतें. आमच्याकडे गांडूळ पुरतें, भेग गिळते आणि फुगोटी पुन्हां वर ढकलते. साखरखेर्ड्याच्या शेतांत उद्यां एखादी शिशाची गोळी पाठीवर मिळाली तर ती कालची आहे असें म्हणतां येणार नाहीं, आणि दोन हात खोल मिळाली तर ती निजामाच्याही पूर्वीची आहे असेंही म्हणतां येणार नाहीं. काळ्या रानांत खोलीवरून काळ ठरविणारा फसतो.

मग सगळेंच व्यर्थ कीं काय? आमचें मत तसें नाहीं. गांडूळ व भेग ह्या दोघांची ये-जा बहुतेक उभी आहे, आडवी फार थोडी. वखराच्या पाशीनें वस्तु कांहीं हात सरकेल. एका शेतांतून दुसऱ्या शेतांत जाणार नाहीं. म्हणजे वस्तूची खोली खोटें बोलली तरी तिची जागा बऱ्याच अंशीं खरें बोलते. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्न येथें १८७६ सालीं कस्टरची तुकडी गारद झाली. १९८३ च्या वणव्यानें तें रान उघडें पडल्यावर १९८४ पासून तेथें धातुशोधक यंत्रें फिरवून प्रत्येक काडतूस व गोळी जेथें मिळाली ती जागा नकाशावर मांडली गेली. शंभर वर्षें ग्रंथांतून चाललेल्या वादांपैकीं कित्येक त्या नकाशानें निराळ्याच वाटेला लावले. साखरखेर्ड्याच्या लढाईचीं वर्णनें जेत्याच्या बाजूच्या फारशी तवारिखांतून बहुतेक आलेलीं. मुबारिजखानाची बाजू मांडणारा कागद दुबळा. त्याच्या बाजूच्या गोळ्या मात्र निजामाच्या गोळ्यांइतक्याच वजनाच्या होत्या. असला नकाशा सरकारी पुरातत्त्वखात्यानेंच करावा, हौशी मंडळींनीं यंत्रें घेऊन रानांत शिरूं नये, हें सांगणें अवश्य आहे. निखात निधीचा १८७८ चा कायदा आहेच, आणि जागेची नोंद न करतां उचललेली गोळी ही फाडलेल्या कागदासारखीच निरुपयोगी.

असें काम व्हावयाचें तर तें लौकर झालें पाहिजे. वऱ्हाडांतला जुना कुणबी काळें रान दर वर्षीं नांगरीत नसे. बहुतेक काम तो वखरावर भागवी. वखराची पास वरवरची माती हलविते, खालचीं बिळें तशींच राहतात. हें अडाणीपणाचें लक्षण आहे असें समजणारे शेतकी अधिकारी होऊन गेले. आम्हांस तें अडाणीपणाचें वाटत नाहीं. आतां ट्रॅक्टर व रोटाव्हेटर आले. ते माती भुग्यासारखी करून टाकतात, काड जाळलें जातें, शेणखत उकिरड्यावरून शेतापर्यंत पोंचत नाहीं, आणि गांडुळास खाद्यही उरत नाहीं, घरही उरत नाहीं. यावर उपाय म्हणून गांडूळखताच्या टाक्या निघाल्या आहेत. त्या चांगल्या आहेत. परंतु त्यांतलीं आयसेनिया व युड्रिलस हीं गांडुळें परदेशीं, उकिरड्याच्या वरच्या थरांत राहणारीं. (युड्रिलसच्या प्रचलित जातीचेंही पहिलें वर्णन त्याच किनबर्गचें, हा योगायोग.) तीं टाकींत खत करतील, काळ्या रानांत हातभर खोल बीळ करून उन्हाळा काढण्याचें काम त्यांचें नव्हे. विकत आणलेलीं गांडुळें शेतांत सोडून लॅम्पिटोची जागा भरतां येईल अशी समजूत खेडोपाडीं पसरली आहे ती चुकीची आहे.

रोटाव्हेटर जमिनीचें जें करतो तेंच तिच्यांतील इतिहासाचें करतो. म्हणून साखरखेर्ड्याच्या रणक्षेत्राचा शोध घेणाऱ्यानें पहिल्यानें मधलीं शेतें सोडून द्यावीं. जुने धुरे, पांदणींच्या कडा, बाभळीखालच्या पट्ट्या, ओढ्याकांठचें पड रान, जेथें वखरही फिरला नाहीं अशा जागा पाहाव्या. पावसाळ्याच्या अखेरीस तेथें मातीच्या वळ्यांचे ढीग दाट दिसतात; आणि लढाई झाली तेव्हां महिना तोच होता.